मिलिमीटरने घेतलेला गॉगल

आमच्या गल्लीत त्याला मिलिमीटर म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर सगळे भाऊ म्हणतात, कारण खिडकीची काच कधी ना कधी सगळ्यांचीच फुटते आणि ती बसवायला तोच लागतो. त्याचं दुकान आणि माझं दुकान यांच्यामध्ये प्लायवुडची एक भिंत आहे. माझं काम कपड्यांच्या आल्टरेशनचं. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, पोट सुटलेल्यांना कंबरेत थोडा दिलासा द्यायचा. दिवसभर माझी मशीन त्याला ऐकू जाते आणि त्याची हिरकणी मला. हिरकणी म्हणजे काच कापायचा कटर, टोकाला हिऱ्याचा कण असलेला. काचेवरून ती फिरली की कर्र असा एकसलग आवाज येतो. आवाज मध्येच तुटला की समजावं, काच वाया गेली आणि आता भिंतीपलीकडून शब्द येणार.

शब्द त्याच्याकडे भरपूर. राग कायम नाकावर, आणि 'जरासं' हा शब्द तर त्याला शिवीसारखा लागतो. एकदा पोस्टमन म्हणाला, "भाऊ, शिडी जराशी इकडे घ्या." तर हा शिडीवरूनच विचारतो, "जराशी म्हणजे किती मिलिमीटर?" पोस्टमनने ते घरोघरी वाटलं आणि नाव पडलं.

काचेच्या बाबतीत मात्र त्याचं एक म्हणणं मला पटायचं. नव्या माणसाला वाटतं, चौकट जेवढी तेवढी काच कापावी. तसं केलं तर ऊन-थंडीने चौकट आखडते, काचेला अंग चोरायला जागा राहत नाही आणि चांगली धडधाकट काच एके दिवशी आपली आपण तडकते. म्हणून काच चौकटीपेक्षा थोडी लहानच कापायची. त्या मोकळ्या जागेला तो सूट म्हणतो. "सूट ठेवली नाही तर काच टिकत नाही," हे त्याने गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलंय. माणसांना सूट द्यायची वेळ आली की मात्र याचा हात आखडायचा, हेही गल्लीला ठाऊक आहे.

त्याला एकच मुलगी. मिलिमीटरची मुलगी म्हणून ती सेंटी. शिवाय लहानपणी ती ऊठसूट रडायची, त्यामुळे ते नाव दोन्ही बाजूंनी बसलं. आई लवकर गेली. शाळा सुटली की दप्तर माझ्या दुकानात पडायचं आणि पोर त्याच्या दुकानात. उंच होत गेली तशी हिरकणी हातात आली. तिने कापायला घेतलं की मला भिंतीपलीकडून कळायचं. बापाच्या हिरकणीचा आवाज शेवटाला किंचित थरथरायचा, तिचा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. मी ते त्याला एकदा बोलून दाखवलं तर म्हणाला, "कापणं सोपं असतं ताई, माप अवघड." कौतुक करायचं त्याच्या जिवावर यायचं.

तेव्हा माप घेऊन काचेवर खूण तो करायचा आणि ती कापायची. कॉलेज संपवून ती पूर्णवेळ दुकानात आली तसा तो तिला मापं घ्यायलाही पाठवू लागला, आणि काचा चुकायला लागल्या. कधी थोडी मोठी, चौकटीत शिरायचीच नाही. कधी इतकी लहान की खालून वारा यायचा. चुकलेल्या काचा तो फेकत नसे, भिंतीला टेकून ठेवायचा. पुढे लहान मापाला कामी येतात असं म्हणायचा, पण मला वाटतं पोरीला दिसत राहाव्यात म्हणूनच ठेवायचा.

शेवटची काच बेकरीवाल्याची होती. दुकानाच्या दर्शनी भागाची, दोघांनी उचलायची. बेकरीवर नेली तर बसेना, परत आणली. बेकरीवाला मागोमाग आला. त्याच्यासमोर, आणि माझी दोन गिऱ्हाइकं दारात उभी असताना, मिलिमीटर ओरडला, "डोळे फुटलेत का तुझे? टेपवरच्या रेघा मोजता येत नाहीत?"

"बाबा, मी नीट बघूनच घेतलं होतं."

"नीट बघितलं असतंस तर बसली असती. लक्षच नाही तुझं. कधीच नव्हतं."

असं तर आपण सगळेच पोरांना म्हणतो. माझ्याही तोंडून ते दिवसातून एकदा निघायचं. पण सेंटी त्या दिवशी रडली नाही. तिने हिरकणी तिच्या डबीत ठेवली, चामड्याचे हातमोजे काढून एकावर एक ठेवले आणि पुढचं दार त्या मोठ्या काचेने अडलेलं होतं म्हणून मागच्या दाराने, माझ्या दुकानातून बाहेर पडली. "जाते गं मावशी," म्हणाली. मला वाटलं घरी जातेय. दोन दिवसांनी कळलं की मैत्रिणीबरोबर वर डोंगरात गेली, बर्फाच्या हंगामात तिथे हॉटेलांना माणसं लागतात म्हणून.

हंगाम संपला तरी ती आली नाही. पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायला शिकली, आणि पुढे तेच लहान मुलांना शिकवायला लागली. बापाने त्याला एकच नाव ठेवलं: घसरगुंडी. "पोटच्या पोरीने घसरगुंडीचा धंदा काढलाय," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. स्वतः फोन करायचा नाही. तिचा फोन मला यायचा, आणि तो आला की भिंतीपलीकडची हिरकणी थांबायची. मग मीही उगाच मोठ्याने बोलायचे. "काय म्हणतेस, सर्दी झालीय? औषध घेतलंस का?" असं एकेक वाक्य भिंतीला ऐकवायचे. पलीकडून खोकल्याचाही आवाज यायचा नाही.

या वर्षी थंडी सरताना तिचा फोन आला. समुद्रापलीकडच्या एका देशात नोकरी मिळालीय, आपल्याकडचं बर्फ वितळतं तेव्हा तिथे पडतं. आता लवकर येणं होणार नाही. जाताना एक रात्र घरी थांबेन, बाबांना सांग. मी ते सगळं नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हटलं. फोन ठेवला तर मिलिमीटर दारात. ॲप्रनला काचेची पूड तशीच.

"ताई, त्या घसरगुंडीवाल्यांना काय लागतं?"

"कशाला?"

"द्यायला. भेट म्हणून."

"किती मिलिमीटरची हवी?"

तो हसला नाही. स्टूल ओढून बसला. "तिला म्हणायचंय, जाऊ नकोस, दुकानात ये. ते माझ्या तोंडून काही निघायचं नाही. वस्तू दिली तर तिला कळेल तरी, की तिच्या त्या कामाला मी नावं ठेवत नाही आता. मग कदाचित विचार करेल."

इतकं लांब बोलणं मी त्याच्याकडून काचेखेरीज कशावर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "गॉगल घ्या. बर्फावर ऊन फार डोळ्यात जातं म्हणतात." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे काचेचीच वस्तू. मग मला कळेल चांगली कुठली ते."

खेळाच्या सामानाचं मोठं दुकान होतं. आम्ही दोघं त्यात चुकून शिरल्यासारखे दिसत होतो. त्याने "गॉगल" म्हटल्यावर दुकानातल्या मुलीने आधी उन्हाचे काळे चष्मे दाखवले. फळीवरून घसरायचे, म्हटल्यावर ती दुसऱ्या भिंतीकडे घेऊन गेली. तिथले गॉगल म्हणजे केवढे मोठे. अर्धा चेहरा झाकणारी एकच काच, कडेला स्पंज, मागे रुंद पट्टा. मिलिमीटरने एक उचलला, उजेडाकडे धरला, तिरका केला आणि म्हणाला, "दुहेरी आहे."

"हो काका. मध्ये हवा असते, म्हणून वाफ धरत नाही."

"मला सांगतेस? तशा खिडक्या बसवतो मी. काच चांगली आहे."

"काच नाहीये काका, प्लॅस्टिक आहे."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याच्या खानदानाला नावं ठेवली. पण मग नख लावून बघितलं, ओरखडा उठत नाही म्हटल्यावर थोडा विरघळला. मुलगी एकेक विचारायला लागली. हेल्मेट कुठलं घालते? माहीत नाही. चेहरा लहान की मोठा? त्याने हवेत दोन्ही हातांनी माप दाखवलं, आणि ते दहा-बारा वर्षांच्या पोरीचं माप होतं. मी त्याचे हात धरून थोडे लांब केले.

"आणि नंबर आहे का तिला?" मुलीने विचारलं.

"पहिला," मिलिमीटर म्हणाला. "शाळेत कायम पहिला नंबर. म्हणजे चौथीपर्यंत. पुढे उंच झाली, मागच्या बाकावर बसवली, मग लक्ष उडालं तिचं. घसरली."

मुलीने ओठ आवळून हसू दाबलं. मी दाबलं नाही. "काका, चष्म्याचा नंबर विचारतेय मी," ती म्हणाली.

"छे. आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही. माझे वडील म्हातारपणी सुईत दोरा ओवायचे." ही गोष्ट गल्लीला पाठ आहे, आता त्या मुलीलाही मिळाली.

तरी पोरगी हुशार. तिने एक जरा मोठा गॉगल काढला. "हा घ्या मग. आत जागा जास्त आहे, चष्म्यावरूनही बसतो. उद्या लागला नंबर तरी चालेल. आणि यावर सूट पण आहे."

मिलिमीटरने तो हातात घेतला. स्पंजात दोन्ही बाजूंना चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा होत्या, त्यात त्याने बोट घालून बघितलं. "इथून वारा शिरेल. आणि मुलीला काय सवलतीतला माल देऊ? सूट नको मला, फिट हवा." त्याने अरुंद, चेहऱ्याला घट्ट बसणारा निवडला. स्वतःच्या तोंडाला लावून आरशासमोर उभा राहिला, पांढऱ्या मिशांवर तो भला मोठा केशरी गॉगल. मी म्हटलं, "माशीसारखे दिसताय." तो स्वतःशीच हसला. इतक्या खुशीत मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

सेंटी आली त्या संध्याकाळी जेवायला मलाही बोलावलं होतं. एकट्याने तिच्यासमोर बसायचा त्याला धीर नव्हता, दुसरं काही नाही. दार मीच उघडलं. पोर उन्हाने रापलेली, खांदे रुंद झालेले, आणि नाकावर चष्मा. गोल, जाड काचांचा चष्मा.

फोनवर चष्मा दिसत नाही. मागे वळून बघितलं तर मिलिमीटर हातात खोकं घेऊन उभा. त्याने तिच्याकडे बघितलं, मग खोक्याकडे. पण खोकं त्याच्या हातात होतं आणि ते तिने पाहिलं होतं.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही आणलंत?" तिने दारातच बॅग टाकली आणि खोकं उघडलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, गॉगल चढवला, पट्टा मागे ओढला आणि आमच्या दोघांच्या मधे, जिथे कुणीच नव्हतं तिकडे तोंड करून म्हणाली, "छान आहे. एकदम फिट."

मिलिमीटरने टेबलावरचा चष्मा उचलला. नवी काच हातात आली की तो जसा बघतो तसा बघितला. हातभर लांब धरून त्यातून खिडकीच्या चौकटीकडे बघितलं आणि चष्मा सावकाश फिरवला. चष्मा फिरेल तशी चौकटीची उभी पट्टी तिरकी होत असणार, कारण तो परत परत फिरवत राहिला. काच त्याला खरंच कळते.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

सेंटीने गॉगल वर केला. "तिकडे गेल्यावर लागला. मुलांना शिकवायचं तर आधी डोळे तपासतात. सिलिंडरचा नंबर आहे. डॉक्टर म्हणाले, हा लहानपणापासूनच असणार." तिने चष्मा त्याच्या हातातून घेऊन घातला. "उभ्या रेघा माझ्या एकमेकींत मिसळतात. जवळजवळ असल्या तर दोनाच्या तीन दिसतात, नाहीतर एकच."

"टेपवरच्या," मिलिमीटर म्हणाला.

"हो."

मी स्वयंपाकघरात जायला हवं होतं, पण गेले नाही.

"मग सांगायचंस की मला. दिसत नाही म्हणायचंस."

"मला तरी कुठे माहीत होतं, बाबा?" तिच्या आवाजात राग नव्हता, ते ऐकायला जास्त जड गेलं. "मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. तुम्ही म्हणायचात माझं लक्ष नाही, तर मला वाटायचं, खरंच नसेल. मी किती लक्ष द्यायचे. डोकं दुखायचं. आणि तरी चुकायचं."

तो खुर्चीत बसला. गॉगल मागायला हात पुढे केला. "दे, बदलून आणतो. चष्म्यावरचा पण होता तिथे. मीच नको म्हटलं. जागा जास्त आहे म्हणून नको म्हटलं मी."

"दुकान बंद झालं असेल, आणि माझी बस पहाटेची आहे. शिवाय तसला मला कामावरून मिळालाय." तिने गॉगल काढून छातीशी धरला. "हा मी देणार नाही. हा तुम्ही निवडलाय."

जेवताना तिने तिच्या वर्गातल्या पोरांच्या गमती सांगितल्या. पहिल्या दिवशी ते घसरायला शिकवतच नाहीत म्हणे, आधी पडायला शिकवतात. कसं पडायचं म्हणजे लागत नाही, आणि पडल्यावर उठायचं कसं. "मुलं पडली की आम्ही टाळ्या वाजवतो," ती म्हणाली. मी हसले. मिलिमीटर ताटात बघत होता. मी टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला, म्हटलं आता तरी बोल बाबा, परत ये म्हण, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप केलास ना. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "भाजी घे अजून."

नंतर मी त्याला त्याबद्दल झापलं. तो म्हणाला, "कुठल्या तोंडाने म्हणू, ताई? तिथे पडलं तर टाळ्या वाजवतात."

पहाटे बसपाशी तिने गॉगल टोपीवरून कपाळावर चढवला होता, खाली नाकावर चष्मा. "बघा बाबा, कपाळावर किती मस्त बसतो." बस सुटली तसा तो हात हलवत राहिला, बस वळणावर दिसेनाशी झाल्यावरही.

तिथून तो थेट दुकानात गेला. मी माझं शटर उघडलं तेव्हा भिंतीपलीकडून काचा सरकवल्याचे आवाज येत होते. हिरकणीचा आवाज नाही. जाऊन बघितलं तर भिंतीला टेकवलेल्या सेंटीच्या चुकलेल्या काचा त्याने एकेक करून टेबलावर आडव्या घातल्या होत्या. बेकरीवाल्याची मोठी काच जमिनीवर. प्रत्येक काचेच्या कडेला तो पोलादी पट्टी लावून बघत होता, खाली वाकून, एक डोळा मिटून.

"ताई, या काचा बघ," तो म्हणाला. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं त्याने, आणि त्याला ते कळलंही नाही. "एक कड वाकडी नाही. एक कोपरा उडालेला नाही. हिने जिथे खूण केली तिथेच बरोबर कापलीय. टेपवरचा आकडाच दिसला नाही तिला. हात माझ्यापेक्षा चांगला होता तिचा. मी एवढी वर्षं काच बघतोय, या इथेच उभ्या होत्या, मी एकदाही कड बघितली नाही. फक्त किती चुकली तेवढंच बघितलं."

"हे मला काय सांगताय? तिला सांगा. फोन लावा."

त्याला धीर यायला बरेच दिवस लागले. ती समुद्रापलीकडे पोचली, कामाला लागली, मग एका दुपारी त्याने माझ्या दुकानात येऊन माझ्याच फोनवरून लावला. स्टुलावर ताठ बसला होता. मी मशीन बंद केली. पलीकडून "मावशी?" असं आलं आणि तो म्हणाला, "मी आहे." मी हाताने खुणा करत होते, बोल, हाताबद्दल बोल, काचांबद्दल बोल. त्याने घसा साफ केला.

"तो गॉगल घालतेस का?"

"घालते की बाबा. रोज."

"नीट बसतो?"

"एकदम फिट."

तो "बरं" म्हणाला आणि फोन मला दिला. तो चष्म्यावरून बसत नाही हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि मधे फोन धरून बसलेल्या मलाही माहीत होतं. ती थंडीच्या, जेवणाच्या गोष्टी सांगत राहिली. तोवर तो उठून पलीकडे गेला होता.

त्या काचा अजून त्याच्या दुकानात आहेत, पुसून, मधे कागद घालून उभ्या. परवा एक बाई फोटोच्या फ्रेमसाठी तळहाताएवढी काच मागायला आली. त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, यातलाच एखादा तुकडा चालेल. मिलिमीटरने मागून एक अख्खी नवी काच ओढून आणली, टेबलावर घातली आणि तिच्यातून तेवढा तुकडा कापून दिला.